रॅक एक, आरसा शून्य: लालबागमधली स्क्वॉटची शिकवणी

आधीच सांगून टाकते, या व्यायामशाळेचं नाव इथे मिळणार नाही. मास्तरांनीच बजावलंय. "काय लिहायचं ते लिहा ताई, नाव तेवढं घालू नका. रॅक एकच आहे माझ्याकडे." रॅक म्हणजे वजनाचा रॉड टेकवून ठेवायचा सांगाडा, आणि तो खरंच एकच आहे. संध्याकाळी सातला त्याच्यापुढे लागणारी रांग बघून रेशनच्या दुकानाची आठवण येते. तेव्हा नाव नाही, पण लालबागला उतरून जुन्या चाळींच्या बाजूला कोणाही चहावाल्याला "मास्तरांची व्यायामशाळा कुठे" म्हणून विचारलंत तर तो किटली न ठेवता हाताने दाखवेल. तळमजला, दारावर मारुतीचा फोटो, आत शिरताच डावीकडे चपला.

मी तिथे पाच महिने स्क्वॉट शिकतेय. फक्त स्क्वॉट, म्हणजे वजन घेऊन खाली बसायचं आणि उठायचं. ऑफिसातली एक जण म्हणाली, "बसायला-उठायला शिकायचे पैसे देतेस?" देते. महिन्याला ८०० रुपये व्यायामशाळेचे आणि २,००० शिकवणीचे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी पाऊण तास.

माझी हकीकत थोडक्यात. वय ४२, वजन ६३ किलो, काम अकाउंट्सचं, म्हणजे दिवसातले नऊ तास खुर्चीत. राहायला करी रोड. गेल्या वर्षी स्टेशनचा जिना उतरताना डावा गुडघा कुरकुरायला लागला. चढताना काही नाही, फक्त उतरताना. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, पाय वाकवून-फिरवून बघितला आणि म्हणाले, झीज वगैरे काही नाही, मांडीत ताकद नाही, व्यायाम करा. कोणता ते विचारायचं राहिलं. बाहेर सोळा जण बसले होते.

मग सगळे करतात तेच मी केलं. काचेच्या भिंती, एसी आणि खाली कॉफीचं दुकान असलेल्या एका जिममध्ये वर्षाचे २६,००० रुपये एकदम भरले. (कोणत्या ते विचारू नका, आता भांडायची ताकद नाही.) दुसऱ्याच दिवशी तिथल्या मुलाने मला स्मिथ मशीनमध्ये उभं केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्मिथमध्ये रॉड दोन खांबांमध्ये अडकवलेला असतो आणि ठरलेल्या रेषेतच वर-खाली होतो. तोल आपल्याला सांभाळावा लागत नाही म्हणून नवख्याला सोपं वाटतं, पण रॉडची वाट ठरलेली असल्यामुळे शरीरालाच तिच्याभोवती जागा करून घ्यावी लागते. मुलगा एका हाताने मोबाइल बघत दुसऱ्या हाताने आकडे मोजत होता. सूचना एकच, "मॅम, गुडघा बोटांच्या पुढे नको." मी गुडघा मागे धरायचे आणि सगळा भार कंबरेवर यायचा. सहाव्या आठवड्यात अशी कंबर धरली की दोन दिवस मोज्यात पाय घालायला आईची मदत लागली. पैसे परत मिळत नाहीत म्हणाले. मेंबरशिप 'फ्रीझ' करून देतो म्हणाले.

मास्तरांचं नाव सांगितलं ते आमच्या सोसायटीच्या वॉचमनने. त्याचा मुलगा तिथे जातो.

पहिल्या दिवशी मी नवी लेगिंग्ज आणि फुगलेल्या तळव्यांचे रनिंग शूज घालून गेले. मास्तरांनी शूज बघितले, काही बोलले नाहीत. वय साठीच्या आतबाहेर, बारीक, मनगटं मात्र लोहाराची. तरुणपणी गोविंदा पथकात खालच्या थराला उभे राहायचे. म्हणाले, "रॉड राहू दे. उकिडवं बसून दाखवा." मी बसले. टाचा उचलल्या गेल्या, हात पुढे गेले आणि मी मागच्या मागे जमिनीवर. कोपऱ्यात दोन मुलं बायसेप्स मारत होती, त्यांनी शहाण्यासारखं भिंतीकडे तोंड केलं.

"आई आहे घरी?"

"आहे."

"मासे घरी साफ करते की बाजारातून करून आणते?"

"घरीच."

"मग बघून या कशी बसते ती. बुधवारी सांगा."

पहिल्या दिवसाची शिकवणी एवढीच. घरी येईपर्यंत मी चिडलेली होते. पण रविवारी आईने किलोभर मांदेली आणली आणि मी मोरीच्या दारात उभी राहून बघत राहिले. आई ७१ वर्षांची आहे. पंचवीस मिनिटं ती उकिडवी होती, टाचा फरशीला चिकटलेल्या, कशाचा आधार नाही आणि फोन स्पीकरवर टाकून मावशीशी बोलणं चालू. मी शेजारी बसायला गेले तर नळ धरावा लागला. आई म्हणाली, "अगं, लहानपणी तासतास बसायचीस की अशी सागरगोटे खेळत. आता काय झालं?" आता काय झालं त्याची यादी मोठी आहे: कमोड, डायनिंग टेबल, बँकेचं कर्ज काढून घेतलेली ऑफिसची खुर्ची.

बुधवारी मास्तरांनी शाळेतली पट्टी काढली. मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, एक पाऊल भिंतीपासून थोडं मागे, आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायला सांगितला. पाऊल सरकवत सरकवत जास्तीत जास्त किती लांबून टेकतो ते मोजायचं. उजवा ११ सेंटिमीटरवरून टेकला. डावा ६ वर अडकला. "हा कधी मुरगळला होता?" मला आठवेना, मग आठवलं: दादरच्या पुलावर, गर्दीत, लग्नाआधी. तेव्हा क्रेप बँडेज बांधून आठवडा काढला होता आणि विसरून गेले होते.

मग त्यांनी जे सांगितलं ते कोणी आधी सांगितलं असतं तर माझे २६,००० वाचले असते. घोटा पुढे वाकत नसेल तर खाली जाताना दोनच गोष्टी होऊ शकतात: टाच उचलते, नाहीतर धड पुढे झुकतं. वर "गुडघा पुढे नको" अशी ताकीद असेल तर धड आणखी झुकतं. धड झुकलं की पाठीवरच्या वजनाचा भार मांडीवरून कंबरेकडे जातो. कंबर का धरली या कोड्याचं उत्तर पाच रुपयांच्या पट्टीवर होतं.

गुडघ्याच्या त्या नियमाबद्दल मी नंतर स्वतः शोधाशोध केली. सवयच आहे, आकडा दिसल्याशिवाय मला झोप येत नाही. २००३ साली अमेरिकेतल्या एका संशोधनपत्रिकेत अभ्यास छापून आलाय: पायांपुढे फळी उभी करून गुडघे मुद्दाम अडवले तर काय होतं याचा. गुडघ्यावरचा पीळ १५० न्यूटन-मीटरवरून ११७ वर आला, म्हणजे कमी झाला हे खरं. पण खुब्यावरचा २८ वरून थेट ३०३ वर गेला आणि धडही जास्त झुकलं. एका खात्यातले पैसे दुसऱ्या खात्यात टाकून ताळेबंद चांगला दाखवल्यासारखं आहे हे. अर्थात अभ्यासातली माणसं होती सात आणि सातही पुरुष, तेव्हा त्यावरून जगाचा नियम करायला मी निघालेली नाही. मास्तरांना हे सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तुमच्या आईचा गुडघा कुठे होता?" बोटांच्या चांगला पुढे होता.

इथे एक गोष्ट त्यांनी लगेच जोडली. "आईचा घोटा घ्या, आईची पाठ घेऊ नका." मासे साफ करताना पाठ गोल होते, अंग सैल पडतं, आणि नुसतं बसायला ते ठीकच आहे. पण पाठीवर वजन असताना तळाशी सैल पडून चालत नाही. माझं ढुंगण तळाला गेलं की आत वळतं आणि कंबर गोल होते. इंग्रजीत याला काहीतरी मिश्किल नाव आहे, मास्तर त्याला "शेपूट आत गेली" म्हणतात. ज्या खोलीवर शेपूट आत जाते त्याच्या दोन बोटं वर थांबायचं, हा त्यांचा नियम. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत खुब्याजवळची मांडी गुडघ्याच्या वरच्या टोकाखाली जावी लागते, नाहीतर पंच लाल दिवा देतात. व्यायामशाळेतली मुलं त्यावरून एकमेकांना चिडवतात, "हाफ मारतोय, हाफ." माझ्याबाबतीत मास्तरांनी त्यांना गप्प केलं. "त्यांचा घोटा मोकळा होईल तेव्हा जातील खाली. तुला काय घाई?"

पहिले तीन आठवडे रॉडला हात नाही. त्यांच्याकडे तीन लाकडी पाट आहेत, जेवायला बसायचे असतात तसे. ते एका बुटक्या स्टुलावर रचतात. सहा किलोचा डंबेल दोन्ही हातांनी छातीशी उभा धरायचा, पाटांवर अलगद टेकायचं, बसायचं नाही, उठायचं. वजन पुढे असलं की तोल आपोआप सावरतो आणि धड उभं राहतं. दर आठवड्याला एक पाट काढायचा. तिसरा पाट निघाला त्या दिवशी मला बढती मिळाल्यासारखं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. डाव्या घोट्यापायी दोन्ही टाचांखाली सव्वा-सव्वा किलोच्या प्लेटी ठेवायचो, त्या दोन महिन्यांनी निघाल्या. तेव्हा पट्टीवर डावा साडेआठला टेकत होता. रोज ओट्याशी दूध तापायची वाट बघत गुडघा कपाटाला टेकवत राहायचं, हा गृहपाठ.

शूजचं राहिलं. दुसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, "हे चालायला चांगले आहेत. यात वजन घेऊन उभं राहणं म्हणजे गादीवर उभं राहणं." तळवा दबतो, पाऊल डुगडुगतं. पायाचे तीन ठिपके जमिनीला टेकलेले कळले पाहिजेत: अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ, टाच. मी अनवाणी केलं आठवडाभर, मग बाजारातून शाळेच्या पीटीचे पांढरे कॅनव्हास बूट आणले. दुकानदाराने विचारलं, मुलगा कितवीत? वेटलिफ्टिंगचे खरे शूज टाचेला साधारण दोन सेंटिमीटर उंच आणि कडक तळव्याचे असतात, आणि महाग. मास्तर म्हणाले, वर्षभर टिकलात तर घ्या.

आता या जागेतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. रॅकसमोर आरसा नाही. हिरव्या ऑइल पेंटची, पोपडे आलेली भिंत आहे. त्या भिंतीवर वेगवेगळ्या उंचीवर टिकल्या चिकटवलेल्या आहेत, साध्या कुंकवाच्या टिकल्या, पाकिटातल्या. प्रत्येकाची नजर कुठे असावी ते त्याच्या उंचीप्रमाणे ठरवून मास्तर टिकली लावतात. काचेच्या जिममध्ये मी समोर स्वतःला बघत बघत खाली जायचे आणि मला वाटायचं, छान चाललंय. समोरून फार तर गुडघे आत पडतात का ते दिसतं. पाठ, टाच, रॉडची वाट, हे सगळं बाजूने दिसतं, आणि आरशात बाजू बघायला मान वळवली की वजनाखाली मानेचं जे व्हायचं ते होतं. इथे बाजूने बघायला मास्तर असतात. दुधाचा क्रेट उपडा घालून, रॅकच्या उजव्या अंगाला, माझ्या मांडीच्या उंचीवर डोळे येतील असे बसतात. एकेक रेप, म्हणजे एकेक उठबस, बघतात. पाच महिन्यांत सेट, म्हणजे सलग मारायच्या रेप्स, चालू असताना त्यांनी फोन उचललेला मी बघितला नाही. एकदा वाजत होता, बायकोचा होता, वाजू दिला.

आणि बोलतात एका सेटला एकच शब्द. "टाच." पुढच्या सेटला "पोट." टाच बिघडली तरी त्या सेटला पोटच. मी विचारलं तर म्हणाले, पाच सूचना दिल्या तर तुम्ही वजनाखाली परीक्षेला बसल्यासारख्या होता. आधीच्या ठिकाणी यूट्यूबवरचे सगळे व्हिडिओ डोक्यात घेऊन मी खाली जायचे, छाती वर, कोपर खाली, गुडघे बाहेर, ढुंगण मागे. त्यातलं एकही धड होत नव्हतं.

रॅकच्या शेजारी छताला एक ओळंबा टांगलेला आहे. गवंड्याचा ओळंबा, पितळी, दोरीसकट. जमिनीवर खडूची खूण आहे, तिथे पावलाचा मध्य आणायचा. बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढला की पडद्यावर रॉडचं टोक आणि दोरी शेजारी शेजारी दिसतात. रॉडने दोरीला धरून खाली जायचं आणि दोरीला धरूनच वर यायचं, कारण पावलाच्या मध्यावर वजन असलं तरच तोल राहतो. पहिल्या व्हिडिओत माझा रॉड इंग्रजी एस काढत होता. खाली बरा, पण वर येताना ढुंगण आधी वर, छाती मागे राहिलेली, रॉड दोरीच्या चार बोटं पुढे. मास्तर म्हणाले, "नमस्कार कोणाला करताय?" वजन ३० वरून २० किलोवर आणलं, खाली जायला तीन आकडे मोजायचे, तळाशी एक आकडा थांबायचं, मग वर. दोन आठवडे तेच. व्हिडिओ काढताना फोन मांडीच्या उंचीवर आणि बरोबर बाजूला ठेवा, हेही त्यांनीच शिकवलं. जमिनीवर तिरका ठेवला तर खोलीचा अंदाज चुकतो. फोन ठेवायला दोन विटा आणि एक तांब्या आहे.

श्वासाचं मला सगळ्यात उशिरा कळलं. काचेच्या जिममध्ये "वर येताना श्वास सोडा" एवढंच होतं. इथे उभं असताना पोटात श्वास घ्यायचा, छातीत नाही, मग कोणी पोटात बोट खुपसणार आहे असं समजून पोट सगळ्या बाजूंनी कडक करायचं, श्वास तसाच धरून खाली जायचं आणि वर येताना अवघड टप्पा पार झाल्यावर सोडायचा. धड आतून फुगवलेल्या टायरसारखं घट्ट होतं. याला व्हाल्साल्वा म्हणतात, सतराव्या-अठराव्या शतकातल्या एका इटालियन वैद्याच्या नावावरून. यात रक्तदाब थोड्या वेळासाठी चांगलाच वाढतो. म्हणून मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात बीपीचं यंत्र काढून माझं बीपी मोजलं आणि शेजारच्या एका काकांना, ज्यांना गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय रॉड देत नाही म्हणून परत पाठवलं. काका अजून रागावलेले आहेत.

रॉड पाठीवर घेण्याच्या दिवशी मी पॅड मागितलं, तो फोमचा गोल असतो तो. मिळालं नाही. पॅडमुळे रॉड उचलला जातो आणि घरंगळतो. मानेचं हाड बोटाने शोधायचं, त्याच्या खाली खांदे मागे ओढले की मांसाची उशी तयार होते, तिथे रॉड. पहिले चार दिवस काळंनिळं झालं, आईला वाटलं कुठे आपटून आले. रॅकचे हुक, ज्यांवर रॉड टेकतो, छातीच्या मध्यावर हवेत, चवड्यांवर उभं राहून रॉड काढावा लागत असेल तर हुक उंच आहेत. मागे दोन पावलं. "तिसरं पाऊल टाकलंत तर ते माझ्या फीमधून कापून घ्या," असा त्यांचा विनोद आहे, दर आठवड्याला तोच.

आणि पडायला शिकवलं. रिकामा २० किलोचा रॉड घेऊन मला तळाला जायला लावलं, आणि तिथून मुद्दाम उठायचं नाही, रॅकच्या आडव्या सेफ्टी रॉडवर वजन टेकवायचं आणि पुढून सरपटत बाहेर यायचं. सहा वेळा. मला वाटलं वेळ घालवतायत. चौथ्या महिन्यात ४० किलोच्या चौथ्या रेपला मी अर्ध्यात अडकले, हलेचना, आणि शरीराने जे शिकवलं होतं तेच केलं. धाडकन आवाज झाला. मास्तर क्रेटवरून उठलेसुद्धा नाहीत. "बरोबर. आता चहा घ्या."

वजनांची एक गंमत सांगते. प्लेटी जुन्या आहेत, काही गिरण्या चालू होत्या तेव्हाच्या, भाऊबंदकीतल्यासारख्या एकमेकींशी न जुळणाऱ्या. १० किलो लिहिलेली प्लेट १० किलोची असेलच असं नाही. मास्तरांनी सगळ्या प्लेटी शेजारच्या धान्यवाल्याच्या काट्यावर नेऊन तोलल्या आणि पांढऱ्या रंगाने खरं वजन लिहिलं: ९.६, १०.३, ४.८. दोन्ही बाजूंना जोड्या जुळवून लावायच्या. अकाउंट्सवाल्या बाईला यापरता आनंद नाही. रॉड दोन: एक १० किलोचा बारीक, एक २० किलोचा खरा, २८ मिलिमीटर जाडीचा. बायकांच्या वेटलिफ्टिंगमधला १५ किलोचा, २५ मिलिमीटरचा रॉड इथे नाही. लहान हातांना त्याने खूप फरक पडला असता, आणि १० वरून २० वर जाणं ही मोठी उडी होती. चार आठवडे बारीक रॉडला किडूकमिडूक प्लेटी लावून ती भरून काढली.

आता तक्रारी, आणि त्या आहेत.

बायकांना कपडे बदलायला खोली नाही. पडदा आहे. पडद्यामागे गणपतीच्या मंडळाचे दोन ढोल आणि एक मोडका टेबलफॅन आहे. संडास बाहेर, चाळीचा सार्वजनिक. मी घरूनच तयार होऊन जाते, पण ऑफिसला परस्पर जाणाऱ्यांनी हे धरून चालावं.

फरशीला मोरीकडे उतार आहे. रॅक ज्या बाजूला तोंड करून आहे तीच एक बाजू सपाट आहे, म्हणून रॅक हलवता येत नाही आणि दुसराही घेता येत नाही. सेफ्टी रॉडची भोकं एकमेकांपासून फार लांब आहेत. माझ्या उंचीला एक भोक वर होतं आणि एक खाली, शेवटी पायाखाली लाकडी फळ्या टाकून जमवलं. पावसाळ्यात रॉड गंजतो, हाताला लावायच्या खडूचे गोळे होतात. जुलैत हिंदमाताला पाणी भरलं त्या दिवशी शिकवणी झाली नाही. त्याचं काही नाही. पण गणपतीत दहा दिवस व्यायामशाळा बंद असते, मंडळाचं सामान आत येतं, आणि त्या दिवसांचे पैसे वळते होत नाहीत. विचारलं तर मास्तर म्हणाले, "बाप्पाला सांगा."

सगळ्यात मोठी तक्रार मास्तरांचीच. ३७.५ किलोनंतर आम्ही तिथेच घुटमळत राहिलो. ४० झाले, मग पुन्हा ३५, पुन्हा ४०. माझ्याबरोबर सुरुवात केलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला मात्र दर वेळी अडीच-अडीच किलो चढत होते. त्याचं वय वेगळं, मान्य. पण एकदा कोणाला तरी सांगताना त्यांच्या तोंडून गेलं, "बायकांना एवढं पुरे." मी ऐकलं. सेट संपवला, बूट काढले आणि सांगितलं की मी फी पूर्ण भरते, अर्धी नाही, आणि माझे शेवटचे चार व्हिडिओ ओळंब्याला धरून आहेत, बघा. त्यांनी बघितले. डोकं खाजवलं. शुक्रवारी गेले तर रॅकवर ४२.५ लावलेले होते, काही न बोलता. या आठवड्यात ४५ चे पाच झाले. माणूस चुकतो, पण व्हिडिओ दाखवला तर ऐकतो, हे मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवते.

गुडघ्याचं: करी रोडचा जिना उतरताना आता बहुतेक दिवस आवाज नाही. घाईत उतरले तर अजून कधीकधी आठवण करून देतो. वजन एक किलो कमी झालं, तेही मी मोजलं म्हणून कळलं. बारीक व्हायला, घामाचा फोटो टाकायला किंवा गाणी ऐकत मजेत तासभर घालवायला येणार असाल तर इथे येऊ नका. गाणी म्हणजे विविध भारती, तीसुद्धा मास्तरांच्या मूडवर. पहिल्याच आठवड्यात रॉड हातात हवा असेल तरीही नको. तान्हं मूल घरी ठेवून येणाऱ्या, मणक्याचं दुखणं असलेल्या किंवा मणक्याचं ऑपरेशन झालेल्या बायकांनी आधी मास्तरांशी बोलावं. नाही म्हणायला ते लाजत नाहीत.

तारे द्यायचे तर पाचपैकी चार. एक पडद्यासाठी कापला.

यायचं असेल तर सकाळी सहा ते नऊ नवख्यांना बरं, संध्याकाळी मुलांची गर्दी. आषाढापासून दहीहंडीपर्यंत संध्याकाळी अंगणात थर लावण्याचा सराव असतो, तेव्हा आत शिरायलाच वेळ लागतो. कॅनव्हासचे बूट, नॅपकिन आणि पाण्याची बाटली आणा. फी रोख द्या. क्यूआर कोड भिंतीवर आहे पण तो पुतण्याच्या खात्याचा आहे आणि पुतण्या पैसे आले की नाही ते दोन दिवसांनी सांगतो. आणि हिरव्या भिंतीवर खालून तिसरी मरून टिकली माझी आहे, ती काढू नका.